काचेत ठेवलंय

मागच्या महिन्यातली गोष्ट. भाचीची प्रसूती सात आठवडे आधीच झाली होती. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं आणि तिला मात्र डिस्चार्ज देऊन चार दिवस झाले होते. सिझरचे टाके अजून ओले. पोटाला हाताचा आधार देत, रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला दात आवळत ती हॉस्पिटलला पोचली, लिफ्टच्या रांगेत उभी राहिली, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. भेटीची वेळ चार ते पाच. दारापाशी स्टुलावर बसलेल्या वॉचमनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "टाइम संपला मॅडम. आता उद्या या." उद्धट नव्हता तो. त्याला जे सांगायला बसवलं होतं ते त्याने सांगितलं. भाची म्हणाली, "हो हो, सॉरी." पिशवीतून दुधाची बाटली काढून तिने त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने चिकटपट्टीवरचं नाव वाचलं, आतल्या मावशींना हाक मारली, बाटली आत गेली आणि दार मिटलं.

पोटच्या पोराला बघायला आलेली बाई सॉरी म्हणाली.

त्याच दाराच्या शेजारी एक मोठं पोस्टर होतं. आईच्या उघड्या छातीवर बेडकासारखं पालथं झोपलेलं इवलंसं बाळ, आई हसतेय, वर 'कांगारू मदर केअर' असं लिहिलेलं. भाची त्या पोस्टरखालून परत फिरली. येताना रिक्षात ती वेगळंच बोलत होती. घरातल्या गळक्या नळाबद्दल, प्लंबर दोनदा येतो म्हणून आला नाही त्याबद्दल. मी हूं हूं करत होते. माझ्या डोळ्यांसमोर तिची वळतानाची पाठ होती. ती हिरमुसून वळली की सुटका झाल्यासारखी, हे मला त्या पाठीवरून कळेना. आणि असा प्रश्न माझ्याच मनात का यावा, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

माझा मुलगा २००३ च्या जुलैत झाला, बत्तिसाव्या आठवड्यात. वजन एक किलो तीनशे ऐंशी ग्रॅम. तेव्हा आमच्या घरात एनआयसीयू हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. 'काचेत ठेवलंय' एवढंच सगळे म्हणायचे. फोनवर कुणी विचारलं की आई आवाज खाली आणून सांगायची, "हो, काचेत." जसं काही बाळ दागिन्यांच्या दुकानात ठेवलंय. आजी बोटांच्या पेरांवर महिने मोजत बसलेली. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे तिचं गणित, आणि पणतू सातव्यात बसावा म्हणून ती कधी या पौर्णिमेपासून मोजायची, कधी त्या. वास्तविक पोटात जितके दिवस जास्त मिळतील तितकं बरं, पण नव्वदीतल्या बाईशी कोण वाद घालणार? सहाव्या रात्री आईने कोरा कागद आणि पेन्सिल काढली. सटवाई येते, बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते. पण बाळच घरात नाही, तर ती पत्ता कुठून शोधणार? म्हणून आईने ते नवऱ्याच्या हाती हॉस्पिटलात पाठवलं, बाळाच्या काचेच्या पेटीपाशी ठेवायला. सिस्टरने अर्थातच बाहेरचा कागद आत घेतला नाही. तिने पेटीला लटकवलेला क्लिपबोर्ड दाखवला. तापमान, श्वास, नाडी, दूध किती, लघवी किती, सगळं तासातासाला लिहिलेलं. म्हणाली, "रात्रभर लिहितोच आहोत आम्ही इथे. आजींना सांगा काळजी करू नका." आईला हे सांगितल्यावर ती रडली, आणि मग म्हणाली, बाई भली दिसते.

भेट दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. त्यातली चार मिनिटं हात धुण्यात जायची. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं, नखं दाखवायची, कोपरापर्यंत साबण, मग गाऊन, मग आतल्या चपला. बाळंतिणीच्या हातातला हिरवा चुडा उतरवायचा म्हणून आईचा जीव खालीवर झालेला, पण मला त्या बांगड्या काढताना काहीच वाटलं नाही. मला वाटायचं ते आत गेल्यावर. सहा पेट्या, निळा उजेड, कुठलं ना कुठलं यंत्र सतत ओरडतंय. आणि मी माझ्या मुलापाशी पाहुण्यासारखी उभी. दोन्ही हात मागे बांधून, चुकून कशाला धक्का लागू नये म्हणून. त्याच्या खांद्यांवर लव होती. कान इतके मऊ की दुमडला तर बराच वेळ दुमडलेलाच राहायचा. कातडी भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखी, जरा ओढली तर निघून येईल अशी. तिसऱ्या दिवशी वजन एक किलो दोनशे नव्वद भरलं. सुरुवातीला सगळ्याच बाळांचं वजन उतरतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी जिन्यात बसून नव्वद ग्रॅमचा हिशेब करत होते. नव्वद ग्रॅम म्हणजे एक लहानसा बटाटा. तेवढं माझं मूल कमी झालं होतं.

माझं काम एकच, दूध काढायचं. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत, हाताने पिळून. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाला पिवळट चीक चमचाभरसुद्धा नव्हता आणि मला शरम वाटली. सिस्टर म्हणाली, खरवडून घ्या, हे सोनं आहे. एका वेळी एक मिलिलिटर, मग दोन, मग पाच. तोंडातून पोटात गेलेल्या नळीने. मी घरी आल्यावर नवरा रोज सकाळी थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात बाटली घालून मुलुंडहून लोकलने दादरला जायचा, दूध पोचवून मग ऑफिसला. एकाच गिऱ्हाइकाचा डबेवाला झालोय, म्हणायचा. तो विनोद त्याने चौतीस दिवस केला. मी दरवेळी हसले. दुसरं काही बोलायला आम्हाला सुचायचं नाही.

दहाव्या-अकराव्या दिवशीची गोष्ट. रात्रपाळीची सिस्टर, सांगली-कोल्हापूरकडची असावी, बोलण्याला तो हेल होता. त्या दिवशी मोठे डॉक्टर येऊन गेले होते, गर्दी नव्हती. तिने मला विचारलं, "तुम्ही त्याला हात का लावत नाही ओ?" मी म्हटलं, चालतं? ती म्हणाली, "तुमचाच हाय की." पेटीच्या गोल झरोक्यातून मी हात आत घातला आणि जे कुठलीही बाई करेल तेच केलं, हळूहळू थोपटायला लागले. त्याने हातपाय ताठ फेकले, तोंड वेडंवाकडं केलं, यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा त्र्याण्णववरून शहाऐंशीवर आला. मी हात ओढून घेणार, तेवढ्यात तिने माझा हात धरून ठेवला. म्हणाली, "थोपटू नका. गोंजारू बी नका. एवढ्या बारक्याला ते सोसत न्हाई. एक तळवा डोक्यावर, एक पायांवर, पाय असे पोटाशी दुमडून घ्या. आता हलू नका. नुसता हात ठेवा."

नुसता हात ठेवा.

किती वेळ गेला माहीत नाही. आकडा परत चढला. त्याचं डोकं माझ्या तळव्यात मावत होतं, संत्र्याहून मोठं, नारळाहून लहान. टाळू उडत होती. तळव्याखाली ते धडधडणं लागायचं. मला अंगाई येत होती, मालिश कशी करतात ते आईने शिकवलं होतं, धुरी, वावडिंग, बाळगुटी, सगळी तयारी घरात होती. त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. स्वस्थ राहणं तेवढं उपयोगाचं होतं आणि तेच मला कधी जमलेलं नव्हतं. नंतर ती मला एकेक शिकवत गेली. नळीला धक्का न लावता लंगोट बदलणं, ओल्या कापसाने डोळे पुसणं. पुढे चमच्याने दूध पाजायची वेळ आली तेव्हा तिने चोच असलेली एक छोटी वाटी काढली, तिथल्या सिस्टर त्या वाटीला पलाडई म्हणत. मला हसूच आलं. हे तर आमच्या माळ्यावर पडलेलं आजीचं बोंडलं!

इथपर्यंतची गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे. पुढची नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी माझ्या तळव्याखाली त्याचा श्वास थांबला. इतक्या लवकर आलेली बाळं कधीकधी श्वास घ्यायला विसरतात, मेंदूचं ते केंद्र अजून कच्चं असतं, हे मला सांगून झालं होतं. पण सांगितलेलं वेगळं. तो निळसर पडायला लागला, यंत्र ओरडायला लागलं आणि मी थिजले. हात तिथेच, तोंडातून आवाज नाही. सिस्टर दुसऱ्या पेटीपासून आली, घाईसुद्धा न करता, आणि त्याच्या तळपायाला तिने एक टिचकी मारली. कॅरमच्या स्ट्रायकरला मारतात तशी. त्याने श्वास घेतला. "तुम्ही बी मारू शकता," ती म्हणाली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी मी घरून वेळेवर निघाले, दादरला उतरले आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिले. तीन गाड्या गेल्या. भेटीची वेळ टळून गेल्याची खात्री झाल्यावर उठले, हॉस्पिटलात गेले आणि वॉचमनला म्हटलं, गाडी लेट झाली हो. तो म्हणाला, टाइम संपला ताई. मी म्हटलं, सॉरी. दूध देऊन परत आले. त्या बंद दाराचे मी त्या दिवशी मनातल्या मनात आभार मानले होते. वीस-बावीस वर्षांत हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आता इथे वाचेल.

भाचीच्या त्या सॉरीनंतर मी रात्ररात्र वाचत सुटले. वाचताना एक गोष्ट मजेशीर वाटली. आईबापांना आत घेण्याची अक्कल बऱ्याच ठिकाणी टंचाईतून आली. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८ साली डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांच्याकडे पेट्या कमी आणि बाळं जास्त, एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवायची, एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला. शेवटी त्यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधली. पेटी जी ऊब देते ती आई फुकट देते. पोस्टरवरचं कांगारू तिथून आलं. त्याच सुमाराला एस्टोनियाच्या टॅलिन शहरात डॉ. आदिक लेविन यांच्याकडे नर्स पुरेनात, म्हणून त्यांनी आयांनाच वॉर्डात राहायला बोलावलं. सुया-सलाईन नर्सने बघायचं, बाकी सगळं आईने. ते बघून पुढे कॅनडात टोरांटोच्या माउंट सायनाय हॉस्पिटलने तीच रीत उचलली. तिथे नर्सची ददात नव्हती, पैशांचीही नव्हती.

लांब कशाला, आपल्या गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, त्याला उबेच्या पिशवीत ठेवायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. सोबत आई आणि आजी. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे वाचताना मला मुलुंडची मी आठवले, एमेस्सी फर्स्ट क्लास, हात मागे बांधून उभी. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थर्मासच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर चौदा वर्षं ती चालू होती, आणि मला तिचा पत्ता नव्हता. शेवटी शेवटी माझं दूध बेसिनमध्ये ओतावं लागायचं इतकं यायचं. ते आठवून आता चुटपुट लागली.

आणि आई आत आली तर जंतू येतील, ही जी भीती दारावर वॉचमन बसवते, तीही तपासून झाली आहे. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात आईबापांना नीट शिकवून आत घेतलं, संसर्ग वाढला नाही, घरी जाताना अंगावर पिणारी बाळं मात्र वाढली. तिथल्या अनुभवातून केंद्र सरकारने २०१७ मध्ये सरकारी नवजात कक्षांसाठी मार्गदर्शिकाच काढली. त्यानंतर भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून पाच हॉस्पिटलांत एक मोठा अभ्यास झाला, आपल्याकडचं दिल्लीचं सफदरजंग त्यात होतं. एक किलो ते एक किलो आठशेच्या आत वजनाची बाळं, आणि त्यांची प्रकृती स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच छातीशी. त्यासाठी आईचा पलंगच आयसीयूत आणला. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्या बाळांत १५.७ टक्के, तर या बाळांत १२ टक्के झाले. २०२१ मध्ये हे छापून आल्यावर पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तोच सल्ला दिला, दिवसाला आठ ते चोवीस तास.

मी हे सगळं उत्साहाने भाचीला पाठवत होते. चौथ्या लिंकनंतर तिचा मेसेज आला, "मावशी, लिंक नको पाठवूस. डबा पाठव."

बरोबरच होतं तिचं. त्या अभ्यासातल्या बायका दिवसाला साधारण सतरा तास बाळाला छातीशी घेऊन होत्या. सतरा तास! टाके ओले असताना कोण बसणार? घरातली दुसरी बाई मदतीला होती म्हणतात, पण दुसरी बाई नसेल तर? रोजंदारीवर जाणाऱ्या बापाने काय करायचं? नर्स नेमायच्या नाहीत आणि तेच काम 'आईची माया' म्हणून गळ्यात घालायचं, असंही होऊ शकतं, आणि आपल्याकडे ते होणारच नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आईला आत घ्यायचं तर तिला बसायला नीट खुर्ची लागते, जेवण लागतं, संडास जवळ लागतो, आणि न कंटाळता शिकवणारी एक सिस्टर लागते. मला ती नशिबाने मिळाली. दार उघडलं आणि आत सांगणारं कुणी नसलं, तर बाई प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर जाऊन बसते.

मी डबा पाठवला. अळिवाचे लाडू, मुगाची खिचडी, दुधीची भाजी. डब्यासोबत मीच गेले आणि तिला बाकावरची ती गोष्ट सांगितली. ती बराच वेळ लाडवाचा तुकडा हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "मी त्या दिवशी लिफ्टच्या रांगेत मुद्दाम दोन लिफ्ट सोडल्या." मी तिच्या शेजारीच उभी होते की. मला वाटलं होतं गर्दीमुळे.

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने डॉक्टरांना सरळ विचारलं, आम्ही यात काय करू शकतो? पूर्वी कुणी विचारलंच नसावं, किंवा विचारायची एक वेळ असावी आणि ती आमच्या वेळेशी जुळली असावी. डॉक्टर म्हणाल्या, बाळ आता स्थिर आहे, श्वासासाठी रोजचं कॅफिन चालू आहे (जन्मल्या जन्मल्या कॉफी, पोरगी आमच्यावरच गेली), तुम्ही दोघं आलटून पालटून छातीवर घ्या. पहिली पाळी जावयाची आली, कारण भाचीला त्या दिवशी ताप होता. त्याच्या आईला ते पटलं नाही. पुरुषाने काय शर्ट काढून पोर छातीला बांधायचं, आणि केस टोचतील ना तिला. फोटो बघितला मी. खुर्चीत तो कण्यात काठी घातल्यासारखा ताठ बसलाय, छातीवर पट्ट्याच्या आत टोपडं आणि अर्धा गाल तेवढा दिसतोय. चेहऱ्यावर हसू वगैरे काही नाही. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा चेहरा. पोस्टरवर लावायला अगदी बिनकामाचा. पण दोन्ही हात जिथे हवेत तिथे होते. एक डोक्यामागे, एक बुडाखाली. थोपटत नव्हता.

काल संध्याकाळी साडेपाचला भाचीचा फोन आला. हळू आवाजात, बाहेरच्या बाकावरून.

"मावशी, आज वॉचमनने परत अडवलं. म्हणे कुठे निघालात? मी म्हटलं, ड्यूटी आहे."

"मग?"

"मग काय. सरकला बाजूला. अंगात गाऊन नसतानाही मला तो सिस्टर समजला की काय देव जाणे." जरा थांबून म्हणाली, "दोन तास घेतलं. मध्ये एकदा तिचं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन पडलं. मीच तळपायाला टिचकी मारली. चढलं परत. पण हात अजून थरथरतायत. उद्या यायला नको वाटतंय."

तिला काय सांगावं ते मला सुचेना. जाऊ नकोस म्हणावं की जा म्हणावं?

"जेवलीस का?" मी विचारलं.